काठावरची झाडे काठावरच राहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

लग्न होऊन चिंचवडगावात आले त्याला ३१ वर्षे झाली. मोरया गोसावी समाधी मंदिर आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. मुलगा वाकडच्या नव्या सोसायटीत राहतो, 'आई, आता तरी इकडे ये' म्हणतो. माझा पाय निघत नाही. भर मे महिन्यातही संध्याकाळी पवनेच्या घाटावर बसवते, ते तिथल्या झाडांमुळे. चिंच आणि वड यांवरून गावाला नाव पडले, असे इथली जुनी माणसे सांगतात. मार्गशीर्ष वद्य षष्ठीच्या समाधी महोत्सवाला बाहेरगावची माणसे येतात, तीही दर्शन झाले की सावली बघूनच टेकतात.

दोन वर्षांपूर्वी घाटाजवळचे एक जुने उंबराचे झाड गेले. सकाळी फिरायला गेलो तेव्हा नुसता बुंधा उरला होता. नोटीस आमच्यापैकी कोणीही पाहिली नव्हती. उंबरे पिकली की त्या झाडावर धनेश पक्ष्यांची जोडी यायची, रात्री वटवाघळे. आता तिथे फरशी आहे आणि शोभेचे पाम आहेत.

नदीकाठ 'सुशोभित' करण्याच्या गोष्टी सगळीकडेच चालू आहेत, म्हणून हे लिहिते आहे. धरणातून मोठा विसर्ग सुटला की पवनेचे पाणी समाधी मंदिरात शिरते. ते ओसरल्यावर काठाने एक फेरी मारून पाहावी. वाळुंज, करंज, उंबर जिथे उभे आहेत तिथली माती बहुतेक जागेवर असते, उघडा काठ मात्र खचलेला दिसतो. मुळांनी धरलेला हा काठ काढून तिथे काँक्रीटची भिंत घातली, तर नदीचे पात्र अरुंद होईल. मग चढलेले पाणी कुठे जाणार? ते आमच्याच गल्ल्यांत येईल.

चापेकर बंधूंचा वाडा आपण स्मारक म्हणून जपला, त्याचा आम्हा गावकऱ्यांना अभिमान आहे. तोच मान झाडांना देण्याची सोय कायद्यातही आहे. राज्याच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'हेरिटेज ट्री' ठरले. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याची अटही त्यात आहे. पण साठ वर्षांच्या उंबराबदली दूर कुठेतरी साठ रोपे लावली, तर या घाटावर सावली कोणाला मिळणार?

काठावर कोणतेही काम काढण्याआधी तिथल्या प्रत्येक झाडाची जात, घेर आणि अंदाजे वय यांची यादी करून ती देवळाजवळ मराठीत लावावी, एवढी विनंती आहे. आमच्या गल्लीतल्या चार-पाच जणी रोज पहाटे या काठाने चालतो. मोजणीला बोलवा, टेप घेऊन येऊ.

आपली,
एक वाचक, चिंचवडगाव