ब्रेक डिस्कच्या लवचीक स्लीव्ह संचांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व गुणवत्ता विभाग

विषय : एक्सलवरच्या ब्रेक डिस्कसाठी पुरवलेले लवचीक स्लीव्हचे संच सदोष असल्याबद्दल, पूर्ण लॉट बदलून व कामाचा खर्च भरून मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्याकडून घेतलेले स्लीव्हचे (डिस्कचे बाहेरचे कडे एक्सलवरच्या मधल्या भागाला जोडणाऱ्या पोलादी नळ्यांचे) १६ संच रेल्वेच्या दोन एलएचबी (जर्मन रचनेच्या) डब्यांपुरते होते. दर डब्याला चार एक्सल आणि दर एक्सलवर दोन डिस्क, असा हा हिशेब. त्यांपैकी ४ संच एका डब्याच्या एका बोगीवर (डब्याखालच्या दोन एक्सलांच्या चाकगाड्यावर) बसवले. त्याच डब्याच्या दुसऱ्या बोगीवर मूळ उत्पादकाचे स्लीव्ह आहेत. नियमित तपासणीत नव्या संचांच्या चारपैकी दोन डिस्कच्या रिंगला (बाहेरच्या कड्याला) बोल्टाच्या कानाजवळ (बोल्ट बसतो त्या उंचवट्याजवळ) तडे आढळले. दुसऱ्या बोगीवर एकही तडा नाही. उरलेले १२ संच आम्ही वापरायचे थांबवले असून ते उघडून मोजले आहेत.

आपल्या उत्तरात दोष ब्रेक पॅडवर (डिस्कवर दाबल्या जाणाऱ्या घर्षणाच्या तुकड्यांवर) आणि चालकाच्या ब्रेक लावण्याच्या पद्धतीवर टाकला आहे. हे आम्हाला मान्य नाही. दोन्ही बोग्यांवर पॅड एकाच खोक्यातले होते. दोन्ही बोग्या एकाच गाडीत, एकाच चालकाच्या हाताखाली, त्याच घाटांतून आणि त्याच स्थानकांवर थांबत गेल्या. पॅड किंवा ब्रेक लावण्याची पद्धत कारण असती, तर तडे दोन्ही बोग्यांवर दिसले असते. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारी पकड) अडकला असता, तर त्या डिस्कच्या दोन बाजूंच्या पॅडची झीज कमी-जास्त असती. आम्हाला दोन्ही बाजूंची झीज जवळपास सारखी मिळाली.

स्लीव्ह नेमके काय काम करतो, हे लिहिणे भाग आहे, कारण आपल्या पत्रात त्याचा उल्लेख 'फिटिंग हार्डवेअर' असा आहे. या डिस्कचा व्यास ६४० मि.मी., जाडी ११० मि.मी. रिंग ग्रे कास्ट आयर्नची आणि हब (एक्सलवर बसणारा मधला भाग) कास्ट स्टीलचा. ५० टनांचा डबा ताशी १६० कि.मी. वेगावरून थांबवायचा, तर सुमारे ४९ मेगाज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. आठ डिस्कमध्ये वाटली, तर प्रत्येकीच्या वाट्याला सहा मेगाज्यूलच्या वर येते, आणि ती सगळी आधी रिंगमध्ये शिरते. हब त्या वेळी जवळजवळ थंडच असतो. रिंग २०० अंशांनी तापली, तर बाहेरचा व्यास साधारण १.४ मि.मी. वाढतो. आतल्या कडेला वाढ कमी असते, पण तिलाही वाट द्यावीच लागते. ती वाट स्लीव्ह देतो. तो त्रिज्येच्या रेषेत, अर्धा हबमध्ये आणि अर्धा रिंगच्या कानात बसतो. रिंग फुगली की ती स्लीव्हवरून सरळ बाहेर सरकते आणि थंड झाली की जागेवर परतते. सगळे स्लीव्ह सारखे असल्यामुळे ती मध्यातून हलत नाही. ब्रेकचा फिरवणारा जोर मात्र रिंगमधून हबकडे याच स्लीव्हमधून जातो. म्हणजे त्रिज्येच्या दिशेने त्याने सोडायचे आणि परिघाच्या दिशेने घट्ट धरायचे.

आता आपल्या मालाची मोजमापे. एकाच संचातल्या स्लीव्हच्या बाहेरच्या व्यासात ०.३ मि.मी. पर्यंत फरक आहे. काही स्लीव्ह बोटाने आत जातात, काहींना हातोडा लागतो. सैल स्लीव्ह खेळ खातो आणि भार उचलत नाही. घट्ट बसलेले दोन-तीनच सगळ्यांचा भार घेतात, म्हणून कानाला तडा त्यांच्याचजवळ गेला आहे. त्याशिवाय घट्ट स्लीव्ह रिंगला सरकू देत नाही. बाहेरचा भाग फुगू पाहतो आणि आतून धरून ठेवला जातो. तापलेला पृष्ठभाग दबून कायमचा आखडतो. थंड झाल्यावर तोच भाग ताणाखाली येतो आणि फाटतो. एका ब्रेकने हे घडत नाही, दर थांब्याला थोडे थोडे साचत जाते. डायल गेजने (सूक्ष्म फरक दाखवणाऱ्या मापकाने) तपासता रिंगच्या पृष्ठभागाचा डगमग मूळ स्लीव्हच्या डिस्कवर ०.२ मि.मी. आणि आपल्या संचांच्या डिस्कवर ०.८ मि.मी. पर्यंत आला.

दुसरी गोष्ट गंजाची. स्लीव्हवर कोणताही संरक्षक थर नाही, नुसते तेल लावून पाठवले आहेत. बोगीखाली पाणी, ब्रेकची धूळ आणि शौचालय धुतल्याचे शिंतोडे येतात. काढलेल्या स्लीव्हपैकी निम्म्याहून अधिक हबमध्ये गंजून धरलेले निघाले. मापाने बरोबर असलेला स्लीव्हसुद्धा गंजला की पक्क्या खिळ्यासारखा वागतो आणि लवचीक जोडणीचा अर्थच संपतो.

सोबतच्या पत्रकात बोल्ट 'घट्ट आवळावा' एवढेच आहे. टॉर्कचा (किती जोराने आवळायचे त्याचा) आकडा नाही. स्लीव्हची खाच (लांबीत कापलेली फट) कोणत्या दिशेला ठेवायची, तेही नाही. खाच असलेल्या स्लीव्हचा कडकपणा भार कोणत्या बाजूने येतो त्यावर बदलतो, म्हणून ही सूचना गाळणे गंभीर आहे. तीन संचांत एकेक लॉक प्लेट (बोल्ट सैल होऊ नये म्हणून वाकवायची पट्टी) कमी आहे. एकदा वाकवलेली लॉक प्लेट आम्ही पुन्हा वापरत नाही, त्यामुळे हे संच तसेही अपुरे ठरतात.

खर्चाबद्दल स्पष्टच लिहितो. या रिंग अखंड आहेत, दोन तुकड्यांत उघडणाऱ्या नाहीत. रिंग बदलायला बोगी काढून व्हीलसेट (एक्सल व त्यावरची दोन्ही चाके) बाहेर घ्यावा लागतो, प्रेसवर चाक ओढावे लागते, आणि परत दाबून बसवल्यावर चाकांमधले १६०० मि.मी. अंतर तपासावे लागते. तेव्हा फक्त संचाची किंमत परत करून हा विषय मिटणार नाही.

आमच्या मागण्या अशा : १६ ही संच परत घ्यावेत. नवा लॉट पाठवताना प्रत्येक संचासोबत स्लीव्हच्या व्यासाची मोजमापे, पोलादाचे व कडकपणाचे चाचणीपत्र आणि उष्णोपचाराचा बॅच क्रमांक असावा. टॉर्कचा आकडा व खाचेची दिशा दाखवणारे चित्र द्यावे. तडे गेलेल्या दोन रिंगची किंमत व चारही डिस्क उघडून बसवण्याचा खर्च भरून द्यावा. आणि हा लॉट आणखी कोणाला गेला असेल, तर त्यांना आजच कळवावे, कारण तडा कानातून रिंगच्या कडेपर्यंत पोचला तर ती धावत्या डब्याखाली तुटू शकते.

तडे गेलेल्या रिंग, काढलेले स्लीव्ह त्यांच्या जागांच्या क्रमांकासह आणि न वापरलेले १२ संच आम्ही मोहोरबंद ठेवले आहेत. आपला अभियंता मोजमापाची स्वतःची साधने घेऊन यावा, म्हणजे गेजवरून वाद राहणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. तोवर या ऑर्डरची उरलेली रक्कम अदा केली जाणार नाही.

आपले,
ब्रेक दुरुस्ती व तपासणी गट

सोबत : स्लीव्हनिहाय मोजमापांचा तक्ता, तड्यांची छायाचित्रे, दोन्ही बोग्यांच्या पॅड झिजेची नोंद.