वाड्यांच्या माळ्यांवरील आगगाड्या भंगारात जाऊ नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या नाशकातील वाडे एकेक करून उतरवले जात आहेत. माळ्यावरच्या पेट्यांतून निघालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांना लगेच गिऱ्हाईक मिळते. पण त्याच पेटीतली पत्र्याची, चावीवर चालणारी आगगाडी मात्र रुळांसकट किलोच्या भावाने भंगारात जाते. अशा गाड्यांचा संग्रह करणारा एक नाशिककर म्हणून हे थांबावे असे मला मनापासून वाटते, आणि त्यासाठीच हे पत्र.

जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रुळांची ठरावीक मापे रूढ केली, तेव्हापासून गाडी, रूळ आणि सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे भाग) वेगवेगळे घेऊन मांडणी वाढवत नेता येऊ लागली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी यांच्या कारखान्यातून १९२० पासून चावीच्या गाड्या निघाल्या आणि १९३८ मध्ये 'डब्लो' ही लहान मापाची मालिका आली. घरात अशी गाडी सापडली, तर ती चिंच-मीठ लावून घासू नये आणि नवा रंग तर मुळीच देऊ नये. पत्र्यावरचा मूळ छापील रंग एकदा गेला की तो परत येत नाही. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपावी, चाकांच्या आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. विजेवरच्या गाडीचा जुना ट्रान्सफॉर्मर जाणकाराला दाखवल्याशिवाय प्लगला लावू नये. पुठ्ठ्याचे खोके फाटके असले तरी जपावे, कारण गाडीची ओळख पटवण्यास तेच बहुधा उपयोगी पडते.

तथापि, या गाड्या घरोघरी कपाटात बंद राहण्यानेही काम भागणार नाही. पुण्यात भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून कोथरूडमध्ये लोकांसाठी खुले झाले. नाशिकला तर असे दालन उभारण्यासाठी स्वतःचा इतिहास आहे. १८८९ मध्ये येथे ट्राम सुरू झाली. चार घोडे तिचे डबे मेन रोडपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत ओढत असत. पुढे बार्शी लाईट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हेच या ट्रामचे सल्लागार अभियंता होते. ती १९३० च्या दशकाच्या सुरुवातीस बंद पडली आणि आज मेन रोडवरून जाणाऱ्या किती तरुणांना तिची माहिती असेल, याची शंकाच आहे. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. 'एचओ' या लघुरेल्वेच्या १:८७ प्रमाणात ते पावणेनऊ मिलिमीटर भरते, म्हणजे बाजारात सहज मिळणारे 'एन' मापाचे ९ मिलिमीटरचे रूळ ट्रामच्या प्रतिकृतीसाठी जवळजवळ तंतोतंत चालतात.

दालनात मांडण्याजोगा दुसरा विषय १८६५ मध्ये खुल्या झालेल्या थळ घाटाचा. कसारा ते इगतपुरी हा मार्ग याच प्रमाणात पूर्ण मांडायचा, तर दीडशे मीटरहून अधिक लांबी लागेल, त्यामुळे एखादा बोगदा, एखादा पूल आणि इगतपुरीचे यार्ड एवढेच निवडावे लागेल. पण १:३७ चा चढ मात्र सौम्य करू नये, असा माझा आग्रह राहील. मागून ढकलणारी 'बँकर' इंजिने जोडल्याशिवाय गाडी घाट का चढत नाही, हे पाहणाऱ्याला त्या चढावरच कळते. आणि 'खेकडा' म्हणून ओळखली जाणारी जुनी विद्युत इंजिने तेथे मालगाडी ओढताना दिसावीत, यासारखे दृश्य नाही.

महापालिकेने आपल्या एखाद्या वापरात नसलेल्या सभागृहातील कोरडी, बंदिस्त खोली या कामासाठी द्यावी. सांधे व सिग्नल चालवण्याची विद्युत यंत्रणा आयटीआय आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल, आणि रेल्वेतील निवृत्त कर्मचारी तर नाशिकरोड, देवळाली, इगतपुरी येथे मोठ्या संख्येने आहेत. अशी खोली मिळाल्यास माझ्या संग्रहातील गाड्या तेथे मांडण्यास मी विनामूल्य देईन.

आपला नम्र,
एक संग्राहक, पंचवटी, नाशिक