ओकायामाहून आई-बाबांना

ओकायामा (जपान), नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

आई, तुझा पहिला प्रश्न जेवणाचा असणार, म्हणून तेच आधी सांगते. उपाशी नाही. भात रोज मिळतो. मिसो सूप दिसतं पातळ वरणासारखं, पण त्याच्या पाण्यातच बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, म्हणून ते सोडते. तू दिलेलं मेतकूट पुरवून पुरवून खातेय. दिवसभर ऊन छान असतं, संध्याकाळी मात्र तो जाड स्वेटर लागतो. (आणला नसता तर बरं, असं निघताना म्हटलं होतं, ते मागे घेते.)

मी जिथे पाठ बघायला आलेय, त्या शाळेत डबा नाही. दुपारचं जेवण सगळ्यांना एकच, आणि ते शिक्षणाचाच भाग मानतात. त्याचा कायदा १९५४ सालचा आहे. पांढरे एप्रन, डोक्याला टोप्या घालून मुलंच वाढतात, शिक्षक त्यांच्यातच बसून जेवतात. बाबा, आपल्याकडे खिचडीची चव घेऊन चव नोंदवहीत सही करायची, तसं इथेही आहे. फक्त मुख्याध्यापक चमचाभर चाखत नाहीत, मुलांच्या आधी अख्खं ताट जेवतात. नोंद मात्र दोन्हीकडे चुकत नाही!

मुलं वर्ग झाडतात, फरशी पुसतात, त्याचे व्हिडिओ तुम्ही व्हॉट्सअॅपवर शंभरदा पाहिले असतील, म्हणून त्यावर लिहीत नाही. शेणाने सारवलेल्या वर्गात शिकलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक? आणि आज आपल्या शाळेत पोरांच्या हातात केरसुणी दिली तर दुसऱ्या दिवशी काय होईल, ते तुम्हाला माहीत आहे.

मला लिहायचंय ते वेगळंच. परवा पहिलीच्या वर्गावर गणिताचा पाठ होता. बाकीच्या मुलांना लवकर घरी सोडलं आणि शाळेतले झाडून सगळे शिक्षक त्या एका वर्गात जाऊन भिंतींना टेकून उभे राहिले. प्रत्येकाच्या हातात पाठाचा आराखडा. पंचेचाळीस मिनिटांची तासिका, आणि गणित एकच : १३ वजा ९. बाईंनी ते फळ्यावर लिहिलं आणि रीत सांगितलीच नाही. मुलं ठोकळे घेऊन बसली. एक मुलगी म्हणाली, दहातून नऊ गेले, एक उरला, तो तिनात मिळवला, चार. एक मुलगा म्हणाला, आधी तीन काढले, मग राहिलेले सहा काढले. बाईंनी दोन्ही रीती शेजारी शेजारी लिहिल्या, खाली त्या त्या मुलाचं नाव. तास संपेपर्यंत फळ्यावरचं काहीही पुसलं नाही. आपल्याला डस्टर हातात घेऊनच शिकवायची सवय, माझे हात शिवशिवत होते.

खरी गंमत पुढे. मुलं गेल्यावर सगळे गोल करून बसले आणि वादाला तोंड फुटलं, ते १३ वजा ९ हेच गणित का निवडलं यावर. नऊ हा दहाच्या अगदी लगत, म्हणून दहातून काढायची रीत मुलांना आपसूक सुचते. तेच १२ वजा ३ दिलं असतं तर मूल आधी दोन काढेल, मग एक, आणि दहाकडे वळणारच नाही. दुभाष्या बाई माझ्या कानात सांगत होत्या आणि मी भराभर उतरवून घेत होते. एक तरुण शिक्षक तासभर एकाच मुलाकडे बघत उभा होता. तो मुलगा बाकाखाली बोटं मोजत होता, ठोकळे नुसतेच समोर मांडलेले, हे त्याने सगळ्यांना सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. 'पाठ उत्तम झाला' असं कुणी म्हणालं नाही, आणि बाईंची चूकही कुणी काढली नाही. बोलणं सगळं मुलांबद्दल.

बाबा, तेव्हा मला तुमची दोनशिक्षकी शाळा आठवली. चार वर्ग, दोघे गुरुजी. तपासणीला साहेब आले की हजेरीपट आणि पाठांची टाचणवही बघायचे, शेरा मारायचे आणि जायचे. चिंचोक्यांच्या राशी मांडून तुम्ही भागाकार शिकवायचात, तो दुसऱ्या एका तरी शिक्षकाने कधी पाहिला का? तुम्ही निवृत्त झालात आणि ते तुमच्याबरोबरच घरी आलं. याचं मला फार वाईट वाटलं.

इथे सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. रात्री उशिरापर्यंत शिक्षकांच्या खोलीत दिवा असतो. ओईसीडी या देशोदेशींच्या आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या पाहणीत इथल्या प्राथमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५४ तासांहून जास्त भरला होता. बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम त्यांच्या मागे नाही, तरी ही गत.

दुसरीच्या मुलांनी मला त्यांचे पाढे म्हणून दाखवले. नवापर्यंतच असतात, पण लय अगदी आपल्यासारखी. मग मी एकोणतीसचा म्हटला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या बाईंनी मात्र शांतपणे विचारलं, यातून मुलांना काय समजतं? बाबा, पावकी-निमकी-दिडकीच्या वतीने उत्तर तुम्हीच लिहा. मी बाजाराचा हिशेब वगैरे सांगितलं, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

रविवारी शिझुतानीची शाळा पाहिली. इथल्या सरदाराने सामान्य घरातल्या मुलांसाठी १६७० साली सुरू केलेली. म्हणजे तानाजी सिंहगडावर पडला, त्याच वर्षी! छपरावर बिझेन पद्धतीची भाजलेली कौलं, आणि आवारातली दोन झाडं या दिवसांत पेटल्यासारखी लाल-पिवळी. कोराकुएन बागही झाली. पुण्यातलं सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान हिच्याच धर्तीवर केलंय. आई, या राजेशाही बागेत चक्क भाताचं खाचर आहे आणि चहाचा मळाही. तुला बागेपेक्षा खाचरच आवडलं असतं.

आता काम. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत असा एक पाठ करून बघायचं मनात आहे. सुरुवात मीच करीन, सगळ्यांनी मागे उभं राहून बघावं. लोक आधी तपासणीच समजतील, कुणी रजाही टाकेल. तरी पाठ तुमचा चिंचोक्यांचा घ्यायचा आहे. माळ्यावरच्या पेटीत तुमच्या टाचणवह्या आहेत, त्यातल्या तिसरीच्या काढून ठेवा. स्टुलावर तुम्ही चढू नका, शेजारच्या पोराला बोलवा. आणि आई, दिवाळीनंतरच्या आवराआवरीत त्या रद्दीत गेल्या नाहीत ना, ते आधी फोनवर सांग. इथलं घड्याळ साडेतीन तास पुढे आहे, तेव्हा तुमच्या दुपारच्या चहाला कर, मी खोलीवर असते.

तुमची,
नंदा