पहिली घटनादुरुस्ती केवळ वृत्तपत्रांसाठी नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेहरू सरकारने 1951 ची पहिली घटनादुरुस्ती वृत्तपत्रांचे तोंड बंद करण्यासाठी आणली, असा आपल्या लेखाचा सूर आहे. हे अर्धेच खरे. प्रजासत्ताक सव्वा वर्षाचे होईतो तीन वेगळी भांडणे न्यायालयात गेली होती आणि तिन्हींत सरकारने मार खाल्ला होता.

पहिले भांडण वृत्तपत्रांचे. मुंबईहून निघणाऱ्या 'क्रॉस रोड्स' या डाव्या साप्ताहिकाला मद्रास सरकारने राज्यात बंदी केली. दिल्लीत 'ऑर्गनायझर' या साप्ताहिकावर पूर्वतपासणी, म्हणजे मजकूर छापण्याआधी सरकारला दाखवण्याची सक्ती, लादली गेली. सर्वोच्च न्यायालयाने 26 मे 1950 रोजी दोन्ही आदेश रद्द केले, कारण भाषणस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधने घालता येतात हे सांगणाऱ्या अनुच्छेद 19(2) मध्ये तेव्हा 'राज्याची सुरक्षितता' होती, 'सार्वजनिक सुव्यवस्था' नव्हती. ती दुरुस्तीने आली.

दुसरे भांडण प्रवेशाचे. मद्रासमध्ये वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या दर 14 जागांत ब्राह्मणेतर हिंदूंना 6, मागास हिंदू, ब्राह्मण व हरिजनांना प्रत्येकी 2, ख्रिस्ती (अँग्लो-इंडियनांसह) व मुस्लिमांना प्रत्येकी 1 अशी वाटणी होती. एप्रिल 1951 मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात ती कोसळली. नोकऱ्यांतील आरक्षणाला 16(4) चा आधार होता, शिक्षणाला तसा कुठलाच नव्हता. म्हणून तो आधार देणारे 15(4) आले.

खरी घाई होती ती जमिनीची. बिहारच्या जमीनदारी रद्द करणाऱ्या कायद्यात लहान जमीनदाराला निव्वळ उत्पन्नाच्या 20 पट भरपाई, तर सर्वांत बड्याला 3 पट. ही तफावत समानतेच्या हक्काविरुद्ध ठरवून पाटणा उच्च न्यायालयाने मार्च 1951 मध्ये तो कायदाच रद्द केला. विदर्भातील मालगुजारी (तिथली जमीनदारी) संपवणारा मध्य प्रदेशचा कायदा मात्र नागपूर उच्च न्यायालयात टिकला. एकाच राज्यघटनेचे दोन अर्थ! त्यावर उपाय म्हणजे अनुच्छेद 31ख आणि नववी अनुसूची, म्हणजे घटनेला जोडलेली कायद्यांची यादी: तीत नोंदलेला कायदा तेव्हा मूलभूत हक्कांच्या भंगावरून रद्द होऊ शकत नव्हता, कोणत्याही न्यायालयाचा निकाल काही असो.

सुरुवातीच्या त्या 13 कायद्यांची यादी आपल्याकडे कुणी वाचतच नाही. पहिला बिहारचा, पण त्याखालोखाल 1948 चा मुंबईचा कूळकायदा, पुढे कोकणातली खोती (खोतांची जमीनदारी) आणि परगणा-कुलकर्णी वतने (वंशपरंपरागत अधिकाराच्या जमिनी) रद्द करणारे कायदे, मालगुजारीचा कायदा, शिवाय हैदराबादचे जहागिरीविषयीचे दोन. म्हणजे 13 पैकी 6 आजच्या महाराष्ट्राच्या जमिनीशी निगडित. तेव्हा ही दुरुस्ती दिल्लीतल्या संपादकांइतकीच खोताच्या कुळाचीही होती.

आक्षेप घ्यायचाच तर तो तिन्ही विषय एकाच विधेयकात कोंबण्यावर घ्यावा, आणि तो मला रास्त वाटतो. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती, संसद हंगामी होती. जमिनीचा प्रश्न थांबण्यासारखा नव्हता, वृत्तपत्रांचा सहज थांबला असता. कलमवार मतदान झाले तरी शेवटचे मतदान अख्ख्या विधेयकावर होते. कुळाच्या बाजूने मत देणाऱ्या सदस्याला तिथे 19(2) वरील नवी बंधने बाजूला ठेवता येत नव्हती.

आपला,
एक वाचक, चिपळूण