आधी कान, मग अनुवाद

संपादक महोदय,

लष्करी गुप्तवार्ता विभागातल्या भाषातज्ज्ञाची ओळख करिअरच्या पुरवण्यांमध्ये बहुतेक वेळा ‘परकीय भाषा जाणणारा अनुवादक’ एवढ्यावरच आटोपते. त्यावर विसंबून मुले प्रमाणपत्रे गोळा करतात, व्याकरण आणि वाचन पक्के करतात आणि प्रत्यक्ष कामावर हेडफोन चढवला की गडबडतात. या कामाचा फार मोठा भाग ऐकण्याचा आहे. ऐकायचा आवाज तुटक, खरखरीत आणि भलत्याच कुणासाठी बोललेला असतो. बोलणाऱ्याला ‘पुन्हा सांगा’ म्हणायची सोय नसते.

वाचन आणि श्रवण यांत अंतर किती, हे दोन अभ्यासक्रमांवरून कळते. 1942 साली ब्रिटनमध्ये बेडफर्डला लष्करी संकेतलिपी-तज्ज्ञ जॉन टिल्टमन यांच्या पुढाकाराने जपानीचा सुमारे सहा महिन्यांचा वर्ग सुरू झाला. ग्रीक-लॅटिन शिकलेले विद्यार्थी त्यातून बाहेर पडून जपानी लष्करी संदेशांवर काम करू लागले. हे जमले, कारण मजकूर कागदावर होता, शब्दसंग्रह ठरावीक होता आणि कोश हाताशी होता. उलट अमेरिकेच्या मॉन्टेरे येथील संरक्षण भाषा संस्थेत ऐकणे, वाचणे आणि बोलणे धरून स्पॅनिश-फ्रेंचसाठी 36 आठवडे, रशियन-फारसीसाठी 48, तर अरबी, चिनी, कोरियन, जपानीसाठी 64 आठवडे ठेवलेले आहेत. रोज सहा-सात तास वर्ग, वर दोन-तीन तास गृहपाठ. परीक्षेत श्रवणाचे आणि वाचनाचे गुण वेगवेगळे दिले जातात. एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघत नाही, आणि हे योग्यच आहे.

ऐकणे अवघड का जाते? टेलिफोनचा आवाज साधारण 300 ते 3,400 हर्ट्‌झच्या पट्ट्यात छाटलेला असतो, रेडिओचा अनेकदा त्याहूनही अरुंद. ‘स’सारख्या ध्वनीची बरीचशी ओळख या पट्ट्याच्या वर असते, ती आपल्यापर्यंत पोचतच नाही. त्यात वॉकीटॉकीवर माणूस बटण पुरते दाबले जाण्याआधीच बोलू लागतो, म्हणून वाक्याचा पहिला तुकडा कापला जातो. रशियनमध्ये नकार क्रियापदाच्या आधी येतो. ‘नि स्त्रेल्यात’ म्हणजे गोळीबार करू नका. त्यातला ‘नि’ गेला की उरतो गोळीबाराचा हुकूम. इथे ‘ध’चा ‘मा’ व्हायला कुणाचे कारस्थान लागत नाही, अर्ध्या सेकंदाचा उशीर पुरतो. मराठीत ‘करू नका’मधला नकार शेवटी येत असल्याने आपला कान वाक्याच्या शेपटाकडे लागलेला असतो. तो सुरुवातीकडे वळवायची सवय मुद्दाम लावावी लागते.

आकड्यांचे तसेच. अरबीत पंचविसाला ‘पाच आणि वीस’ म्हणतात, हे मराठी माणसाला सोपे जाते. पण चिनी लष्करी रेडिओवर एकाला ‘यी’ऐवजी ‘याओ’, साताला ‘छी’ऐवजी ‘ग्वाय’ आणि शून्याला ‘डोंग’ म्हणतात, कारण ‘यी’ आणि ‘छी’ खरखरीत एकसारखेच ऐकू येतात. पुस्तकी चिनी उत्तम येणारा इथे हमखास अडतो.

प्रत्यक्ष कामाची रीत अशी. पहिल्यांदा न थांबता सगळे ऐकायचे: बोलणारे किती, बोली कुठली, विषय काय. मग पाच-दहा सेकंदांचा तुकडा घेऊन मूळ भाषेत, मूळ लिपीत उतरवायचा. अनुवाद त्यानंतर. शंकास्पद शब्दापुढे प्रश्नचिन्ह, न कळलेल्या जागी वेळ आणि ‘अस्पष्ट, अंदाजे दोन सेकंद’ अशी नोंद. आकडे पुन्हा स्वतंत्रपणे तपासायचे. एकच तुकडा सलग वीसदा वाजवू नये. मेंदू एका शब्दावर अडून बसतो आणि मग तोच ऐकू येत राहतो. दुसऱ्या श्रोत्याला तो भाग द्यायचा तर पहिल्याचा अंदाज लपवून, कारण एकदा वाचलेला शब्द कान शोधूनच काढतो. आवाज स्वच्छ असला तरी तासाभराच्या ध्वनिमुद्रणाला चार ते सहा तास सहज जातात.

‘अस्पष्ट’ लिहिण्यात कमीपणा वाटता कामा नये. 1 सप्टेंबर 1983 रोजी सोव्हिएत लढाऊ विमानाने कोरियन एअरलाइन्सचे प्रवासी विमान पाडले आणि 269 माणसे मेली. वैमानिकाच्या रेडिओवरील बोलण्याची फीत अमेरिकेने 6 सप्टेंबरला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ऐकवली. आवाज आणखी साफ करून ऐकल्यावर 11 तारखेला सुधारित मजकूर द्यावा लागला. तोफेच्या फैरी झाडत असल्याचे वैमानिकाने म्हटले होते, आणि पहिल्या मजकुरात ते आलेच नव्हते. साऱ्या जगापुढे ठेवलेल्या पुराव्यात एवढी जागा सुटू शकते.

आता यंत्रेच हे करतील, असेही म्हटले जाते. भाषा ओळखणे, ढिगातून कामाचे वेगळे काढणे यासाठी यंत्र हवेच. 10 सप्टेंबर 2001 रोजी, म्हणजे न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवरच्या दहशतवादी हल्ल्यांच्या आदल्या दिवशी, टिपलेल्या दोन अरबी संभाषणांचा अनुवाद अमेरिकेत 12 सप्टेंबरला झाला. वाक्ये मोघम होती, वेळेत कळून काही टळले असते असे म्हणता येत नाही. पण साठलेल्या ढिगाचा धोका त्यातून दिसतो. मात्र आजची यंत्रे खरखरीच्या जागीही सफाईदार वाक्य बनवून देतात आणि ते अंदाजपंचे आहे हे मजकुरावरून कळत नाही. म्हणून शेवटचा कान माणसाचाच हवा.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी रोज वीस मिनिटे खऱ्याखुऱ्या बोलण्याचे श्रुतलेखन करावे. बातम्या पुरेशा नाहीत, निवेदक फार स्पष्ट बोलतो. फोनवरच्या मुलाखती, श्रोत्यांचे फोन घेणारे कार्यक्रम, हौशी रेडिओचालकांची संभाषणे घ्यावीत. आणि कान जपावेत: 85 डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली, तर 88 डेसिबलला ती चार तासांवर येते. ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्यापेक्षा आधी खालच्या पट्टीतली घरघर फिल्टरने कापून पाहावी. संस्था निवडताना तिथे आठवड्याला श्रवणाचे तास किती आणि त्यांतले खराब आवाजाचे किती, हे पालकांनी प्रवेशाआधी विचारावे.

– भाषा-प्रशिक्षण क्षेत्रातील एक वाचक