प्रिंटर घेतानाच लिनक्सचा विचार व्हावा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चालत नाही, पण एरवी धडधाकट आहेत, असे संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स ही मोफत प्रणाली उबुंटू किंवा लिनक्स मिंट या रूपात बसवावी, असा सल्ला शाळांना, वाचनालयांना आणि छोट्या कार्यालयांना दिला जातो, आणि तो योग्यच आहे. घोडे पेंड खाते ते प्रिंटरपाशी. दाखला छापायच्या वेळी कागद बाहेर येत नाही आणि मग सगळे खापर ‘फुकटच्या’ प्रणालीवर फोडून तिची रवानगी होते. हे निदान चुकीचे आहे. बहुतेक वेळा चूक प्रिंटर विकत घेतानाच झालेली असते, एवढेच या पत्रातून मांडायचे आहे.

लिनक्सवरील छपाई ‘कप्स’ नावाची व्यवस्था सांभाळते. मायकेल स्वीट या प्रोग्रामरने ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस उभी केली, २००७ मध्ये ॲपलने तिचे हक्क घेतले, आणि मॅक संगणकांवरील छपाईही तिच्यावरच चालते. तेव्हा लिनक्सला छपाई जमतच नाही, या म्हणण्यात तथ्य नाही. आपला मजकूर सहसा पीडीएफ स्वरूपात आणि अक्षरसंचासह पुढे जातो, त्यामुळे जोडाक्षरेही तुटत नाहीत. अडचण असते ती शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे ते पान प्रिंटरला कळेल अशा भाषेत उतरवताना. पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या भाषांचे तपशील प्रसिद्ध असल्याने त्या जाणणाऱ्या प्रिंटरांचा फारसा त्रास होत नाही. स्वस्त लेझर प्रिंटरांत मात्र पानाची मांडणी करण्याची क्षमताच ठेवलेली नसते. ते काम संगणकाकडून करून घेतले जाते आणि तयार ठिपके कंपनीच्या खासगी भाषेत पाठवले जातात.

आपल्याकडे असंख्य टेबलांवर दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० याच जातीचा. त्याची ‘कॅप्ट’ ही भाषा कंपनीची स्वतःची आहे. लिनक्ससाठी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटरशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर, दिलेला आहे, पण त्याला ३२ बिटांच्या जुन्या लायब्ररी (साहाय्यक फायली) लागतात आणि त्या नव्या प्रणालीत आपोआप बसवलेल्या नसतात. एचपीच्या लेझरजेट १०२० ची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे अंतर्गत सॉफ्टवेअर वीज जाताच पुसले जाते, म्हणून प्रिंटर चालू केल्यावर दर वेळी ते संगणकाने नव्याने भरावे लागते. एचपीचा लिनक्स ड्रायव्हर मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे, तरी अशा काही मॉडेलांना एक बंदिस्त प्लगइन (पूरक घटक) वेगळे उतरवून घ्यावे लागते, आणि त्याची आवृत्ती ड्रायव्हरच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. प्रणाली अद्ययावत केली आणि कालपर्यंत चालणारा प्रिंटर आज गप्प झाला, तर पहिला संशय या प्लगइनवर घ्यावा; टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘एचपी-प्लगइन’ (hp-plugin) ही आज्ञा पुन्हा चालवली की काम बहुधा भागते.

दुरुस्तीला बसणाऱ्याने आधी ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा देऊन संगणकाला यूएसबी केबलने जोडलेला प्रिंटर दिसतो का, हे पाहावे. दिसत नसेल तर दोष केबलचा किंवा यंत्राचा आहे, ड्रायव्हरचा नव्हे. दिसत असेल तर ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ (localhost:631) हा कप्सच्या नियंत्रण-पानाचा पत्ता उघडावा, कारण पूर्वीच्या एखाद्या अडथळ्यानंतर छपाईची रांग थांबून राहिलेली असते आणि केबल नीट लावली तरी ती आपणहून सुरू होईलच असे नसते. तेथे ‘फिल्टर फेल्ड’ (filter failed) असा शेरा दिसला, तर पानाचे रूपांतर करणारा ड्रायव्हरचा घटक चाललेला नाही असे समजावे. नेमके कारण कप्सच्या त्रुटी-नोंदवहीत सापडते आणि ती न वाचता ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून बसवण्यात अर्थ नाही. एकच प्रिंटर यादीत दोनदा दिसणे हाही नेहमीचा घोटाळा. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत ‘आयपीपी-यूएसबी’ ही ड्रायव्हरविना छपाई करणारी सेवा आधुनिक प्रिंटर स्वतःच्या ताब्यात घेते, आणि मग कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरला त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. अशा वेळी दोहोंपैकी एकच नोंद ठेवावी, शक्यतो ड्रायव्हरविना चालणारी.

ड्रायव्हरविना छपाई ही आता नवलाई राहिलेली नाही. ॲपलने २०१० मध्ये एअरप्रिंट आणले आणि पुढे ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ हे खुले मानक आले. या पद्धतींत प्रिंटर आपली क्षमता संगणकाला स्वतःच सांगतो आणि ठरलेल्या स्वरूपातले पान स्वीकारतो. कंपन्यांचे स्वतंत्र ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बाजूला सारण्याचे धोरण मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, तेव्हा हा आग्रह केवळ लिनक्सवाल्यांचा आहे असे कोणी म्हणू नये.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण २०१० मध्ये आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. असे असताना शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मागणीपत्रात मिनिटाला किती पाने आणि हमी किती वर्षांची एवढेच लिहून भागत नाही. ‘आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट चालले पाहिजे’ ही अट त्यात असावी. यंत्र थोडे महाग पडले तरी चालेल. ज्या मॉडेलांचे ड्रायव्हर सुधारणे कंपन्यांनी सोडून दिले आहे, त्यांच्या भाषेचे तपशील कंपन्यांनी खुले करावेत, अशी मागणी ग्राहक संघटनांनीही लावून धरायला हवी. तोवर घरगुती ग्राहकाच्या हाती एक साधा उपाय आहे. लिनक्स मिंट भरलेला पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप दुकानात न्यावा, प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच सुरू करावी, आणि मराठी मजकुराचे एक पान छापून पाहिल्यावरच पैसे द्यावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, सांगली