मूकपट दाखवताय ना, मग वाजवणारा माणूस समोर बसवा

संपादक महोदय,

जुन्या सस्पेन्स पिक्चरांचे शो परत लागायला लागलेत, मस्तच आहे, पण त्यात मूकपट ठेवला की नुसता रेकॉर्डेड ट्रॅक लावून मोकळं होऊ नका राव. सस्पेन्सवाला दिग्दर्शक हिचकॉक, त्याचा १९२७ चा 'द लॉजर' घ्या. वरच्या खोलीत भाडेकरू येरझारा घालतोय, खाली घरातले वर बघतायत, झुंबर हलतंय आणि मग छतातून आरपार त्याचे बूटच दिसायला लागतात, त्यासाठी मुद्दाम जाड काचेची जमीन केली होती, कारण आवाज नव्हता मग पावलं दाखवायची कशी! अशा जागी पियानोवाला पडद्याकडे बघत हात उचलून क्षणभर थांबला तर जो काटा येतो ना, तो ट्रॅकला नाही जमत. मी एका शोला खुनाला आणि प्रेमाला एकच संगीत ऐकलंय, झोप आली हो. हिचकॉकचाच १९२९ चा 'ब्लॅकमेल' तर मूक आणि बोलका दोन्ही निघालेला, लागोपाठ दाखवा की एकदा. आणि पोस्टरवर वादकाचं नाव जरा मोठं छापा.

– एक पिक्चरवेडा वाचक